मंडळीतील तरुण मुलगे आणि त्यांचे प्रौढपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांमध्ये) तरुणांसोबत काम करताना पालक, पाळक (पास्टर), शब्बाथशाळेचे (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाचे) शिक्षक आणि स्वतः मुलगे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे देणारा पाळक नाही. नोकरी सांभाळून ही सेवा करणारा मंडळीचा एक सभासद आहे, हे वाचताना ध्यानात असावे.

१. आमच्या मंडळीत तरुण संघ आहेच. मग मुलग्यांसाठी आणखी वेगळे काम कशाला हवे?

तरुण संघ नाताळात कॅरल पार्टी काढतो, मे महिन्यात शिबिर भरवतो, क्रिकेटचे सामने घेतो आणि मंडळीच्या वर्धापनदिनी मांडव घालतो. ही सगळी कामे चांगली आहेत आणि त्यांतून जुळलेली मैत्री पुष्कळदा जन्मभर टिकते. परंतु दहा-दहा वर्षे संघात काढलेल्या मुलालाही कोणी कधी एकटे गाठून विचारलेले नसते, की तुझी प्रार्थना चालू आहे का, पगारातले घरी किती देतोस, वडिलांशी बोलणे का बंद केलेस. संघाच्या सभेत हे विचारता येत नाही आणि विचारूही नये. त्यासाठी त्या मुलाला ओळखणारा, त्याच्यापेक्षा दहा-वीस वर्षांनी मोठा असा एक माणूस लागतो. येथे ज्या कामाविषयी लिहिले आहे ते एवढेच आहे: मंडळीतील प्रत्येक मुलग्यामागे असा एक माणूस उभा करणे, आणि त्या मुलाच्या हाती वयानुरूप खरी जबाबदारी देणे. ते तरुण संघाच्या आतच करता येते; नवी समिती, नवा फलक किंवा नवे लेटरहेड लागत नाही.

२. मुलगा प्रौढ कधी झाला असे मानायचे?

कायद्याची उत्तरे ठरलेली आहेत. १८ व्या वर्षी मतदान करता येते आणि वाहन चालवण्याचा परवाना मिळतो, तर मुलाच्या लग्नासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मंडळीत दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) विधीनंतर मुलगा प्रभुभोजनाला बसतो आणि स्वतःच्या विश्वासाची जबाबदारी स्वतः घेतो. आमच्याकडे हे साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या वर्षी होते. पवित्र शास्त्रात वयाचा आकडा दिलेला नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारतो, आणि त्यानंतर आईबापांबरोबर नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. पुढच्या अठरा वर्षांविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. मला तो रिकामा भाग नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे, कारण आपल्या मुलांचे पंधरा ते तीस हे वयही असेच कोणाच्या नोंदीत नसते.

व्यवहारात आम्ही दोन खुणा धरतो: मुलगा न सांगता दुसऱ्याची गरज ओळखू लागला का, आणि चूक झाल्यावर ती स्वतःहून कबूल करतो का. या खुणा कोणामध्ये सोळाव्या वर्षी दिसतात आणि कोणामध्ये चाळिशीतही दिसत नाहीत.

३. दृढीकरण झाले आणि मुलगा चर्चला येईनासा झाला. आमचे काय चुकले?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो. पहिली गोष्ट अशी, की दृढीकरणाचा वर्ग आपण परीक्षेसारखा घेतो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार पाठ झाला, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाले, जेवण झाले. मुलाच्या मनात साहजिकच असे बसते, की दहावी झाली तसे हेही झाले. दुसरी गोष्ट अशी, की पुढच्या रविवारी त्याच्यासाठी मंडळीत काहीही बदललेले नसते; त्याला कालपर्यंत मागच्या बाकावर गप्प बसवत होते आणि आजही तेथेच बसवतात.

म्हणून दृढीकरणाच्या आधीच प्रत्येक मुलासाठी एक काम ठरवून ठेवावे आणि ते दुसऱ्याच रविवारी त्याच्या हाती द्यावे. दान मोजायला बसवणे, वचन वाचायला लावणे, आजारी सभासदाच्या घरी पाळकसाहेबांबरोबर पाठवणे, साउंड सिस्टिम सांभाळणे यांपैकी काहीही चालेल; मात्र ते काम खरे असावे आणि तो आला नाही तर अडले पाहिजे.

जो आधीच गेला आहे, त्याच्यासाठी नव्या करारातील योहान मार्काची गोष्ट वाचावी. तो प्रेषित पौलाला सुवार्तेच्या फेरीत अर्ध्या वाटेवर सोडून गेला, म्हणून पुढच्या फेरीत पौलाने त्याला बरोबर घेण्यास नकार दिला आणि त्यावरून पौल व त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात कडाक्याचा वाद झाला. बर्णबाने मात्र मार्काला जवळ केले. पुढे म्हातारपणी तुरुंगातून लिहिताना तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगतो, की मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे. आपल्या मंडळ्यांत पौलासारखे करारी लोक पुष्कळ असतात. बर्णबा मात्र मोजकेच आढळतात.

४. फक्त मुलग्यांचाच विचार का? मुलींनी काय केले?

मुलींनी काही केलेले नाही, आणि त्यांच्यासाठीही असेच काम व्हायला हवे. ते बायांनी करावे एवढेच. आमच्या भागातील बहुतेक मंडळ्यांत महिला मंडळ नियमित भरते आणि मुली आईबरोबर तेथे जाऊन मोठ्या बायांची प्रार्थना ऐकत वाढतात. मुलग्यांना पुरुषांची प्रार्थना ऐकायला मिळण्याची जागाच नसते. पुरुषांची सभा असली तरी ती बहुधा हिशेबाची, बांधकामाची किंवा निवडणुकीची असते, आणि तेथे मुलगा जे शिकतो ते त्याने न शिकलेलेच बरे.

वेगळा गट म्हणजे मुलींपासून तोडलेला गट नव्हे. महिन्यातून निदान एक उपासना आणि सेवेची सर्व कामे एकत्र व्हावीत. मुलगी सभेची अध्यक्ष आहे आणि मुलगे खुर्च्या लावत आहेत, हे दृश्य मुलग्यांना लवकर दिसलेले चांगले.

५. मार्गदर्शक कोणी व्हावे? पाळकसाहेबांकडे चार खेड्यांच्या मंडळ्या आहेत, त्यांना वेळ नाही.

पाळकांनी मार्गदर्शक शोधावेत आणि त्यांना तयार करावे. प्रत्येक मुलामागे त्यांनी स्वतः फिरावे अशी अपेक्षा बाळगू नये. चांगला मार्गदर्शक आमच्या अनुभवात बहुधा वक्ता नसतो. एसटीतील मेकॅनिक, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, रुग्णालयातील वॉर्डबॉय, गॅरेजवाला अशी माणसे हे काम उत्तम करतात, कारण मुलगा त्यांच्याबरोबर काम करता करता बोलतो. समोरासमोर खुर्च्या टाकून "बोल, तुझी अडचण काय?" असे विचारले, तर सोळा वर्षांचा मुलगा तोंड उघडत नाही. गाडीचा टायर बदलताना तोच मुलगा तासभर बोलतो.

पाहायचे ते असे: त्याच्या घरचे लोक त्याच्याविषयी काय म्हणतात, त्याचे व्यवहार स्वच्छ आहेत का, तो स्वतः नियमाने उपासनेला येतो का आणि त्याला गप्प बसता येते का. एका माणसाकडे तीनपेक्षा जास्त मुलगे देऊ नयेत. त्याची नेमणूक पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) माहितीने व्हावी, आणि प्रश्न १३ मधील सुरक्षिततेचे नियम त्याने आधी वाचून मान्य करावेत.

६. गटात दर आठवड्याला नेमके काय करायचे?

वचन, प्रार्थना आणि काम, एवढेच. वचनासाठी एका वेळी एकच पुस्तक घ्यावे आणि ते संपेपर्यंत सोडू नये; तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रे सुरुवातीला सोयीची पडतात, कारण ती एका अनुभवी माणसाने एका तरुणालाच लिहिलेली आहेत. वाचन मुलांनी करावे आणि मोठ्याने करावे. आजकाल इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुष्कळ मुलांना मराठी पवित्र शास्त्र अडखळत वाचता येते, आणि लाजेपोटी ती वाचनच टाळतात. त्यांना हसू नये. सहा महिन्यांत सराव होतो.

कामाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेक गट येथेच कच्चे राहतात. मंडळीत कोणी वारले, की कबर खणण्याची व्यवस्था, शवपेटी, खुर्च्या, गावाकडच्या नातेवाइकांना फोन, रात्रभर घरी बसणे ही कामे ठरावीक पाच-सहा पुरुष वर्षानुवर्षे करत असतात. त्यांच्याबरोबर मुलग्यांना न्यावे. पेटीला खांदा देणे, कबरीवर माती लोटणे, नंतर त्या घरी जाऊन पाण्याचे पिंप भरून ठेवणे हे ज्याने सतराव्या वर्षी केले, त्याला पुनरुत्थानावरचा उपदेश वेगळा ऐकू येतो. आईवडील कधी कधी म्हणतात, की पोराला असल्या ठिकाणी नेऊ नका, तो घाबरेल. घाबरतो खरा, पण शेजारी चार मोठी माणसे उभी असताना घाबरणे आणि पुढे कधी तरी स्वतःच्या घरात प्रसंग आल्यावर एकट्याने घाबरणे, यांत फार अंतर आहे.

याशिवाय विधवा सभासदाच्या घराचे पत्रे बसवून देणे, वृद्धांना बँकेत किंवा दवाखान्यात नेणे आणि दफनभूमीतील गवत काढणे ही कामे प्रत्येक मंडळीत शिल्लक असतातच.

७. मुलाचे वडीलच दारू पितात (किंवा वडील हयात नाहीत). त्याने कोणाकडे पाहून शिकायचे?

तीमथ्याचे वडील ग्रीक होते आणि त्यांच्या विश्वासाविषयी शास्त्र काहीच सांगत नाही. पौल उल्लेख करतो तो त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा. त्या दोघींनी लहानपणापासून शिकवले आणि पुढे पौलाने त्याला आपले लेकरू म्हटले. तेव्हा केवळ आईने वाढवलेला मुलगा कुठे तरी कमी पडणार, ही समजूत मंडळीने आधी सोडावी.

मार्गदर्शकाने मात्र एक पथ्य पाळावे. वडिलांची जागा घेण्याचा प्रयत्न करू नये आणि मुलासमोर वडिलांविषयी एक शब्दही वावगा बोलू नये. मुलगा स्वतः बापाला शिव्या देत असला, तरी बाहेरच्या माणसाने त्या दिल्या की तो आतून दूर जातो. घरात मारहाण होत असेल, तर तो मार्गदर्शनाचा विषय राहत नाही. प्रश्न १३ पाहावा.

८. मुलगा चाकणला कंपनीत लागला आहे. शिफ्टमुळे रविवारी चर्चला जाता येत नाही. आता काय?

चाकण, रांजणगाव आणि पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत काम करणारे नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मुलगे एका खोलीत चौघे-पाच जण राहतात, साप्ताहिक सुटी कोणत्याही वारी येते, आणि गावच्या मंडळीशी संबंध नाताळापुरता उरतो. ही अडचण नवी नाही. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या, कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या २२ वर्षांच्या तरुणाने आपल्या सोबत्यांना घेऊन दुकानावरच्या राहण्याच्या खोलीतच प्रार्थना आणि शास्त्रवाचन सुरू केले. तीही खेड्यांतून शहरात आलेली, दिवसभर राबणारी आणि संध्याकाळी कुठे जावे हे न कळणारी मुले होती. त्या खोलीतून वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना उभी राहिली.

याच मार्गाने जावे. मुलगा गाव सोडण्यापूर्वी पाळकसाहेबांनी तो जेथे राहणार आहे तेथील मराठी मंडळीच्या पाळकांना स्वतः फोन करावा. "तिकडे एखादे चर्च बघून घे" असे सांगितलेला मुलगा चर्च बघत नाही. खोलीतील मुलांनी आठवड्यातून एक वेळ ठरवावी, मग ती बुधवारी रात्री अकरा वाजताची का असेना. गावच्या मार्गदर्शकाने महिन्यातून एकदा तेथे जाऊन मुक्काम करावा आणि मुलांच्या हातचे जेवावे. रविवारची ऑनलाइन उपासना आजाऱ्यांसाठी वरदान आहे. परंतु खोलीवर लोळत मोबाइलवर पाहिलेली उपासना तरुण माणसाने सवय म्हणून स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

९. गुटखा, दारू आणि मोबाइलवरील अश्लील चित्रफिती यांविषयी मुलांशी कसे बोलावे?

तिन्हींविषयी एकाच दमात, व्यासपीठावरून आणि मुलींसमोर बोलू नये. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे आठवीतल्या मुलाला माहीत असते; त्यामुळे केवळ बंदी आणि भीती यांनी काम होत नाही. तंबाखू आणि दारू यांची सवय शरीरालाही लागलेली असते, म्हणून प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात अविश्वास मानू नये.

अश्लील चित्रफितींचा विषय अधिक अवघड आहे, कारण त्यात लाज मोठी असते. मुलगा कधीच आपण होऊन सांगत नाही. मार्गदर्शकाने एकांतात, पण उघड्या जागी, साध्या शब्दांत विचारावे आणि उत्तर ऐकून चेहरा बदलू देऊ नये. "पुन्हा पाहणार नाही" अशी शपथ घ्यायला लावू नये. शपथ मोडते, मग मुलगा शपथेबरोबर मंडळीही सोडतो. झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे, रात्रीचे जागरण टाळणे आणि पुन्हा मोहात पडल्यास दुसऱ्या दिवशी एका विश्वासू माणसाला सांगणे, या तीन गोष्टींचा उपयोग होताना आम्ही पाहिला आहे. त्या चित्रांतील स्त्रीही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली कोणाची तरी मुलगी आहे, हा विचार मुलांना पटकन पोहोचतो.

१०. "मला आता या कशावरच विश्वास वाटत नाही," असे मुलगा म्हणतो. त्याला गटात ठेवावे का?

अवश्य ठेवावे. जो असे बोलून दाखवतो तो निदान विचार करतो आहे. न बोलता हळूच निघून जाणाऱ्यांची काळजी जास्त करावी. येशू मेलेल्यांतून उठला हे खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असे त्याचा शिष्य थोमा याने सांगितले, तरी पुढचे आठ दिवस तो शिष्यांमध्येच होता आणि त्यांनी त्याला बाहेर काढले नव्हते.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहासही येथे कामी येतो. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला, आणि त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. मधला काळ वाचन, वाद आणि मनाची ओढाताण यांत गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यानंतर आणखी पाच वर्षे लागली. ज्यांची गीते आपण दर रविवारी गातो त्यांना विचार करायला एवढा काळ लागला असेल, तर आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन आठवड्यांची मुदत देण्याचे कारण नाही. फक्त त्याच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल, तर तसे सांगावे. थातुरमातुर उत्तर मुलांना लगेच ओळखू येते.

११. मुलाचे ख्रिस्तेतर मित्र गटात आले तर चालेल का? लोक काय म्हणतील?

मित्र क्रिकेटला, गवत काढायला आणि नाताळच्या जेवणाला येतातच. वचनाच्या वेळी त्यांना बाहेर थांबवणे विचित्र दिसते. तरी येथे सावध आणि सरळ असावे. मित्र १८ वर्षांखालील असेल, तर त्याच्या आईवडिलांना स्वतः भेटून गटात काय होते ते सांगावे आणि त्यांची लेखी संमती असल्याशिवाय त्याला शिबिराला नेऊ नये. वह्या, कपडे, फी अशी मदत करायची असल्यास ती उपस्थितीशी जोडू नये. बाप्तिस्म्याची गोष्ट अल्पवयीन मुलाशी त्याच्या आईवडिलांच्या पाठीमागे काढू नये. हे केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. आपल्या मुलाबाबत दुसऱ्या कोणी असे केलेले आपल्याला चालणार नाही, म्हणून सांगतो. सज्ञान तरुण स्वतःहून विचारू लागला, तर त्याला पाळकसाहेबांकडे न्यावे आणि घाई करू नये.

१२. मुलाचे ख्रिस्तेतर मुलीवर प्रेम आहे. त्याला गटातून काढायचे का?

नाही. काढल्यावर त्याचे लग्न मोडत नाही, मंडळीशी असलेले नाते मात्र मोडते. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील विजोड जुवाचे वचन (विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडले जाऊ नये, हे) त्याला माहीत असतेच, आणि मार्गदर्शकाने ते टाळूही नये. घरात प्रार्थना कोण करील, मुलांना काय शिकवाल, नाताळ आणि दिवाळी कशी कराल, तिच्या आईवडिलांना सांगितले आहे का, हे प्रश्न दोघांसमोर ठेवावेत आणि त्यांच्या उत्तरांवरून त्यांनाच कळू द्यावे.

कायद्याची माहिती अनेकांना चुकीची असते, म्हणून थोडक्यात: १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली वधू-वरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो, मात्र अनेक मंडळ्यांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली कोणालाही धर्म न बदलता विवाह नोंदवता येतो आणि त्यासाठी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. लग्न चर्चमध्ये व्हावे एवढ्यासाठी मुलीला घाईघाईने बाप्तिस्मा देण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती मला बाप्तिस्म्याचाही आणि त्या मुलीचाही अपमान वाटते.

१३. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कोणते नियम असावेत? एवढ्याशा मंडळीत हे जरा जास्तच वाटते.

छोट्या मंडळीतच जास्त लागतात, कारण तेथे सगळे एकमेकांचे नातलग असतात आणि कोणी बोलत नाही. अल्पवयीन मुलासोबत मार्गदर्शकाने बंद खोलीत एकटे बसू नये. इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशी जागा निवडावी. शिबिरात दोनपेक्षा कमी मोठी माणसे असू नयेत आणि त्यांची झोपण्याची खोली मुलांपासून वेगळी असावी. रात्री उशिरा मुलाशी खासगी मेसेज करू नयेत. लैंगिक छळ मुलग्यांचाही होतो, हे मार्गदर्शकांना स्पष्ट सांगावे लागते. पुष्कळांना ते खरे वाटत नाही.

२०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा होण्याची शक्यता वाटली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. पास्टरेट कमिटीची बैठक घेऊन प्रकरण "आपसात मिटवणे" या कायद्यात बसत नाही, आणि शुभवर्तमानातही बसत नाही. म्हणून मार्गदर्शकाने "तू सांग, मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल, बाकी तुझे माझ्याजवळ राहील," असे आधीच सांगावे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलगा जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना बोलवावे आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते. प्रार्थना करावीच, मात्र फोन लावून झाल्यावर.

१४. शाळेच्या दाखल्यावर आमचा धर्म वेगळा आहे आणि आम्ही चर्चला जातो. मुलगा विचारतो, "आपण खोटे आहोत का?" काय सांगावे?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत; म्हणून सवलत जाऊ नये यासाठी काही घरांनी कागदावरचा धर्म बदलला नाही. धर्म बदलला तरी गावाने वागवण्याची रीत बदलली नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहे. मुलाला हा इतिहास संपूर्ण सांगावा, म्हणजे आईवडिलांनी जे केले ते कोणत्या गरजेतून केले हे त्याला समजेल.

परंतु त्यापुढचा निर्णय सज्ञान झाल्यावर त्याचा आहे, आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागणार आहे. ज्याचे शिक्षण आणि नोकरी यांवर काही अवलंबून नाही अशा सुखवस्तू सभासदाने व्यासपीठावरून त्याला सत्याचे धडे देऊ नयेत. त्याच वेळी, कागदावर एक आणि मनात दुसरे घेऊन जगताना माणूस आतून पोखरला जातो, हेही मार्गदर्शकाने झाकून ठेवू नये. ज्यांनी दाखला बदलून घेतला आणि ज्यांनी घेतला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या मोठ्या माणसांशी मुलाची भेट घालून द्यावी. कायदेशीर परिणामांसाठी वकिलांचा सल्ला घ्यावा. मंडळीतील जाणकारांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

१५. बारावी झालेला मुलगा म्हणतो, मला पूर्णवेळ सेवेत जायचे आहे. लगेच सेमिनरीला पाठवावे का?

आनंद मानावा आणि थोडे थांबावे. दोन-तीन वर्षे त्याने पदवी घ्यावी किंवा नोकरी करावी, मंडळीत बिनपगारी सेवा करावी आणि आपला पगार आपण मिळवण्याचा अनुभव घ्यावा. पाचारण खरे असेल तर ते टिकते. नोकरी मिळत नाही म्हणून सेवेत, असे असेल तर तेही याच काळात उघड होते. उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) उमेदवाराला धर्मप्रांताची (डायोसिसची) शिफारस लागते, म्हणून पाळकसाहेबांशी आधी बोलावे. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांची माहिती त्यांच्याकडून घ्यावी.

१६. आमच्या मंडळीत मुलगे तीनच आहेत. सुरू करून उपयोग आहे का?

प्रश्न ५ मध्ये एका मार्गदर्शकाला तीनपेक्षा जास्त मुलगे देऊ नयेत असे म्हटले आहे. तुमचा आकडा बरोबर आहे.

१७. आमच्या तरुण संघाचे सेक्रेटरी अडतीस वर्षांचे आहेत. त्यांना दोन मुले आहेत. हे तरुण कधीपर्यंत?

अनेक मंडळ्यांत घटनेमध्ये ३५ ची मर्यादा लिहिलेली असते आणि ती कोणी पाहत नाही. या गृहस्थांवर रागावण्याचे कारण नाही. बहुधा त्यांनीच गेली पंधरा वर्षे संघ जिवंत ठेवलेला असतो, आणि पुढे पास्टरेट कमिटीत साठीच्या लोकांनी जागा सोडलेली नसल्यामुळे त्यांना जायला ठिकाणही नसते. म्हणून सुरुवात वरून करावी. कमिटीने पुढच्या निवडणुकीत दोन जागा चाळिशीखालच्या सभासदांसाठी ठेवाव्यात आणि या सेक्रेटरींना तेथे घ्यावे, किंवा प्रश्न ५ प्रमाणे मार्गदर्शक नेमावे. त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा मिळणार नाही.

त्यानंतर संघाचे काम विशीतल्या मुलाकडे सोपवताना ते अर्धवट सोपवू नये. इतिवृत्ताची वही, बँकेचे पासबुक, कपाटाची किल्ली, पेटी-तबल्याची यादी आणि कॅरल पार्टीच्या जमाखर्चाची फाइल, हे सर्व एकाच दिवशी, उपासनेनंतर, सर्वांसमोर द्यावे आणि सही घ्यावी. पहिल्या वर्षी हिशेबात चूक निघेल. ती त्यालाच शोधू द्यावी.